पत्ता सापडेपर्यंतच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी विंगमधील सभासद असून टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



खालच्या फळ्यावर माझा विषय ‘ज्येष्ठ नागरिक आणि संगणक’ असा लिहिला आहे. तो वाचून काही मंडळी मोबाइलवर लाइटबिल कसे भरायचे ते शिकायला आली असतील. ते मला अजून नीट येत नाही, नातवाला विचारतो. मी बोलणार आहे ते एका जुन्या कॉम्प्युटरबद्दल आणि त्यात सापडलेल्या दुसऱ्याच्या कागदांबद्दल. शेवटी थोडे आपल्या सोसायटीबद्दलही बोलावे लागेल. ते कमिटीला आवडेल की नाही माहीत नाही, पण त्यात पहिला दोष माझा आहे, तेव्हा बोलतो.

गोष्ट २०१६ ची. नातू आठवीत होता, कॉम्प्युटर हवा म्हणून मागे लागला होता. नवा घ्यायची माझी तयारी नव्हती. एका शनिवारी आम्ही दोघे दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. दोन-तीन गाळे फिरून सात हजारांत स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळे मिळून एक डबा घेतला. दुकानदार म्हणाला, “काका, ऑफिसचा माल आहे, एकदम क्लीन.” टॅक्सीने दादर, तिथून लोकलच्या लगेज डब्यातून घर.

संध्याकाळी चालू केला. पासवर्ड नाही. नातवाने ‘डी’ ड्राइव्ह उघडला आणि म्हणाला, “आजोबा, यात कुणाचंतरी घर आहे.”

मला ते वाक्य अजून आठवते. खरोखरच घर होते. बारशाचे फोटो, कोकणातल्या कुठल्याशा घराच्या कौलांच्या दुरुस्तीचे फोटो, पॅनकार्डाची स्कॅन, रक्ततपासणीचे रिपोर्ट, बँकेची स्टेटमेंटे, मुलीच्या प्रोजेक्टच्या फाइली, आणि काही फोल्डर ज्यांच्या नावावरून काहीच कळत नव्हते. मी नातवाला उठवले आणि म्हटले, आज नाही, उद्या. आणि स्वतः खुर्चीत बसलो.

आता इथे थोडे मागे जावे लागेल, कारण मी जे केले ते का केले हे त्याशिवाय कळणार नाही. माझ्या नोकरीची काही वर्षे रिटर्न्ड लेटर ऑफिसमध्ये गेली. आरएलओ. जुनी माणसे त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत, मेलेल्या पत्रांचे ऑफिस. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही, घेणारा सापडत नाही, आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही बाहेर लिहिलेला नाही, ते पत्र तिथे येते. अर्धवट पत्ते किती प्रकारचे असतात याची तुम्हाला कल्पना नाही. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढाच पत्ता. आता महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ नाही असे गाव दाखवा.

१८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात या पत्रांसाठी स्वतंत्र कलमे होती. (आता २०२३ चा नवा कायदा आला आहे, मी बोलतोय ते माझ्या काळाचे.) असे पत्र वाटेल त्याने उघडायचे नाही. त्यासाठी नेमलेल्या आणि गुप्ततेला बांधलेल्या अधिकाऱ्यानेच ते उघडायचे, आणि उघडायचे ते कशासाठी, तर पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता शोधण्यासाठी. दुसऱ्या कशासाठीही नाही. माझे पहिले साहेब पाकीट कापायला शिकवताना म्हणाले होते, “आधी वरचा उजवा कोपरा बघायचा, मग शेवटची सही. मधलं आपलं नाही.” पत्ता मिळाला की पत्र नव्या पाकिटात घालून पाठवणाऱ्याकडे परत. नाही मिळाला तर काय? पत्रात पैसे किंवा विकण्याजोगी वस्तू निघाली तर ती एक वर्ष सांभाळायची, कोणी हक्क सांगितला तर द्यायची. आणि पत्र मात्र नष्ट करायचे. तरुणपणी मला हे उलटे वाटायचे. पैसे जपायचे आणि माणसाचे शब्द जाळायचे! पुढे कळले, की पैसा उशिरा परत मिळाला तरी पैसाच असतो. शब्द चुकीच्या हातात पडले की ते परत देण्यासारखे उरत नाहीत.

तर त्या रात्री मी ठरवले, आरएलओच्या पद्धतीने जायचे. पत्ता सापडेपर्यंतच बघायचे.

काही जण म्हणतील, एवढा विचार कशाला? पैसे मोजून घेतला आहे, पासवर्डही नव्हता, म्हणजे सगळे उघडेच. हा मुद्दा मी अनेकांकडून ऐकला आहे, आपल्या कट्ट्यावरही. पोस्टकार्ड उघडे असते हे खरे. पोस्टमनसुद्धा वाचत, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. पण पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते आणि तो तेवढेच लिहितो. घरातल्या कॉम्प्युटरवर लिहिणारा माणूस दार लावून बसलेला असतो. वाटेत पाकीट फाटले तर आम्ही ते चिकटवून, ‘फाटलेल्या स्थितीत मिळाले’ असा शेरा मारून पुढे पाठवत होतो. फाटले म्हणून त्याचे पोस्टकार्ड होत नाही. मी विकत घेतला तो डबा. पाण्याची जुनी टाकी विकत घेतली आणि तिच्यात कुणाची अंगठी सापडली, तर अंगठी टाकीच्या भावात आली असे आपण म्हणत नाही.

कायद्याचे म्हणाल तर एक गमतीशीर उदाहरण आहे. १८६० च्या दंड संहितेत ४०३ कलम होते, नव्या न्याय संहितेत तेच ३१४ म्हणून आले आहे. त्यात उदाहरणे दिली आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण रस्त्यात पत्र सापडले, आत नोट आहे, आणि पत्रावरच्या पत्त्यावरून व मजकुरावरून नोट कुणाची हे कळले, तरी ती खिशात घातली, तर गुन्हा. म्हणजे मालक कोण हे कळले की सापडलेली वस्तू ‘सापडलेली’ राहत नाही. आता फाइल म्हणजे नोट नव्हे, ए विंगचे वकीलसाहेब मला लगेच अडवतील, आणि ते बरोबरच आहे. मी कायदा सांगत नाही, विचार करायची रीत सांगतोय. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला तेव्हा पेपरात मोठे मथळे आले. मला वाटले, आमच्या साहेबांना हे वरच्या उजव्या कोपऱ्यापुरते माहीत होते.

असो. पत्ता शोधायला मी पॅनकार्ड उघडले. त्यावर पत्ता नसतो, हे पोस्टातल्या माणसाच्या लक्षात आधी यायला हवे होते. मग बँकेचे एक स्टेटमेंट. त्यावरचा पत्ता जुना वाटला. तिसरी फाइल वीजबिलाची. नाव, इमारत, पिनकोड, सगळे स्वच्छ. काम झाले होते. तिथे थांबायला हवे होते.

मी थांबलो नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. नावावरून काही न कळणारे एक फोल्डर होते, त्यातली एक फाइल मी उघडली. ते पत्र होते. त्या घरातल्या एका व्यक्तीने लिहिलेले. पहिल्या चार ओळींतच स्पष्ट होते की हे घरातल्या दुसऱ्या कोणी वाचावे अशी लिहिणाऱ्याची इच्छा नाही. तरी मी शेवटपर्यंत वाचले. बायकोने ठेवलेला चहा निवून गेला. हजारो पाकिटे कापली, मधला मजकूर वाचला नाही असे अभिमानाने सांगणारा माणूस मी. पण तिथे टेबलापलीकडे साहेब बसलेले असत, समोर रजिस्टर असे. इथे रात्र होती, एकटा होतो, आणि कोणाला कळणार नव्हते.

त्यात काय होते? मी घरात सांगितलेले नाही, इथेही सांगणार नाही. घर कुठले, नाती कुठली, हेसुद्धा मी थोडे बदलून सांगतोय.

मालकांना कळवायचे कसे हा पुढचा प्रश्न. फोन नंबर होता. पण कल्पना करा, अनोळखी माणसाचा फोन येतो आणि तो म्हणतो, तुमची सगळी कागदपत्रे माझ्याकडे आहेत. आपण काय समजू? खंडणीच! म्हणून मी पत्र लिहिले. कॉम्प्युटर कुठून, कधी घेतला, त्यात तुमचे फोटो व कागद आहेत, मला काही नको, हवे असतील तर पेनड्राइव्हवर घालून देतो, नको असतील तर पुसून टाकतो. खाली माझे नाव, पत्ता, ‘निवृत्त, टपाल खाते’. रजिस्टर पोस्टाने पाठवले.

पाचव्या दिवशी गृहस्थांचा फोन आला. आधी चिडलेले होते. घर बदलताना जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला होता, त्याने तो मोडीत काढला असेल असे त्यांना वाटत होते. मग आवाज खाली आला. वडिलांचे शेवटचे फोटो त्यातच राहिले होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. “तुम्ही सगळं पाहिलंत का?” त्यांनी विचारले. मी “नाही” म्हणालो. ते खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते.

आणि इथे मी अडकलो. कॉम्प्युटर त्यांचा, वीजबिल त्यांचे. पण ते पत्र त्यांनी लिहिलेले नव्हते. आरएलओत पत्र परत जाते ते लिहिणाऱ्याकडे, ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याकडे नाही. मी सगळी डिस्क जशीच्या तशी गृहस्थांच्या हातात दिली असती, तर ते पत्र नेमके ज्यांच्यापासून लपवले होते त्यांच्याच घरात गेले असते. गंमत पाहा. मी नियम पाळला असता, पत्र वाचलेच नसते, तर निर्धास्तपणे सगळे देऊन टाकले असते आणि मोठे नुकसान करून बसलो असतो. वाचले म्हणून ते टळले. यावरून वाचणे बरोबर होते असे मात्र मी म्हणणार नाही. चोर शिरला म्हणून घरातला गॅस गळतोय हे कळले, तरी तो चोरच.

लिहिणाऱ्या व्यक्तीला वेगळे गाठायचे तर आणखी फाइली उघडाव्या लागल्या असत्या, किंवा गृहस्थांनाच विचारावे लागले असते. दोन्ही नको वाटले. मी फोटो, रिपोर्ट, बँकेचे कागद पेनड्राइव्हवर घेतले, आणि ते फोल्डर बाजूला ठेवून बाकीच्यासकट पुसायचे ठरवले.

पुसणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. सी विंगमधला आपला इंजिनिअर मुलगा मदतीला आला. मी अभिमानाने सांगितले, सगळे डिलीट केले, रीसायकल बिनही रिकामी केली. तो हसला. त्याने पेनड्राइव्हवरून ‘रेकुवा’ नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला, आणि थोड्या वेळात मी पुसलेल्या फायलींची यादी परत स्क्रीनवर. इतकेच नव्हे, त्याच्याही आधीचे काहीतरी, कुठल्या ऑफिसची पगारपत्रके! त्याने समजावले ते मला असे कळले: डिलीट करणे म्हणजे हजेरीपटावरचे नाव खोडणे. मुलगा वर्गात तसाच बसलेला असतो. त्या बाकावर दुसरा मुलगा येऊन बसेपर्यंत पहिला उठत नाही. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ केले तरी हजेरीपटच नवा येतो. म्हणून बाकावर बाकावर दुसरे काहीतरी बसवावे लागते, म्हणजे साऱ्या डिस्कवर शून्ये लिहावी लागतात. हल्लीच्या एसएसडी डिस्कची तऱ्हा थोडी वेगळी, तिथे कंपनीची स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरतात, किंवा पहिल्या दिवसापासून डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवतात. आम्ही शून्ये लिहायला लावून झोपायला गेलो.

हा आपल्याकडचाच आळस आहे असे समजू नका. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलट या दोघांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ साली त्याबद्दल लिहिले. १२९ चालू निघाल्या, आणि त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, आजारपणाची माहिती, खाजगी पत्रे. एक डिस्क तर एटीएम मशीनमधून आलेली होती.

आठवड्याने गृहस्थ आमच्याकडे आले. सोबत काजूची पिशवी आणि त्यांची मुलगी. वडिलांचे फोटो त्यांनी आमच्याच पडद्यावर पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा झाला. निघताना मी लिफ्टपर्यंत गेलो. गृहस्थ बूट घालत मागे राहिले होते. मुलगी हळूच म्हणाली, “काका, त्यात अजून काही होतं का?”

मी म्हटले, “होतं. पुसलं.”

“वाचलंत?”

“एक.”

ती काही बोलली नाही. लिफ्ट आली. तिला बरे वाटले की वाईट, हे मला आजतागायत माहीत नाही. मी आठ दिवस थांबलो असतो तर ते तिला विचारता आले असते, तिचे तिला देता आले असते. मी घाई केली, कारण माझी वाचल्याची खूण मला लवकर पुसायची होती. मुलीच्या भल्यासाठी पुसले असे मी तेव्हा स्वतःला सांगितले होते.

मागे कट्ट्यावर हे थोडे बोललो तेव्हा एका ताईंनी विचारले, की समजा गुन्ह्याचेच काही सापडले तर? एखाद्या लहान मुलाला कोणी छळते आहे असे दिसले तर? तर पोलीस स्टेशन. तिथे गप्प बसणे म्हणजे सभ्यपणा नव्हे. पण जायचे पोलिसांकडे, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. आणि असे काही असेल म्हणून शोधत बसायचे नाही; त्या निमित्ताने माणूस सगळे कपाट उपसतो.

आता आपल्याबद्दल. आपल्या सोसायटीने पहिला कॉम्प्युटर २००४ साली घेतला. २०१३ साली नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये बाराशे रुपयांना दिला. इतिवृत्तात आहे, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्या कमिटीत मी होतो. खालच्या टेम्पोत तो डबा ठेवायला मी स्वतः हात लावला. त्यात काय होते ते आठवून बघा. थकबाकीच्या याद्या. भाडेकरूंचे करारनामे आणि त्यांचे ओळखपत्रांचे स्कॅन. गळतीवरून शेजाऱ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारी. नोकरी गेली आहे, मेंटेनन्सला तीन महिने मुदत द्या, असे कमिटीवर विश्वास ठेवून लिहिलेले अर्ज. आणि नॉमिनेशन! कुठल्या फ्लॅटला कोणत्या मुलाचे नाव लावले आहे हे काही घरांत त्या मुलालाही माहीत नसते. ते सगळे आपण बाराशे रुपयांत दिले, आणि वर घासाघीस करून शंभर वाढवून घेतले म्हणून खूश झालो. मी, पोस्टातला माणूस. आपले कागद वाचताना कुणाचा चहा निवला असेल, देव जाणे.

ते परत आणता येत नाही. ज्यांचे अर्ज त्यात होते त्यांची मी इथे माफी मागतो.

जाता जाता, घरचे जुने मोबाइल कामवाल्या मावशींना किंवा गावी पुतण्याला देताना तेच. आणि आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आपण दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो ना, ती त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते. छापून झाल्यावर “दादा, डिलीट करा” म्हणायला लाजू नका. अर्थात डिलीट म्हणजे काय ते मी सांगितलेच.

ऑफिसमधला सध्याचा कॉम्प्युटर दिवाळीनंतर बदलायचा आहे. सेक्रेटरीसाहेबांशी बोललो आहे, डिस्क काढून ठेवायची आणि डबाच तेवढा विकायचा. हजार-दीड हजार कमी येतील. सी विंगचा मुलगा आधी शून्ये लिहून देणार आहे, मग ड्रिल मारायचे. स्क्रू ड्रायव्हर माझा, ड्रिल मशीन डी विंगच्या सुतारकाम करणाऱ्या काकांचे. तारीख नोटीस बोर्डावर लागेल, रविवार असेल, सकाळी दहा वाजता, पंप रूमशेजारी. ज्यांना आपले कागद खरेच गेले हे डोळ्यांनी बघायचे आहे त्यांनी यावे. चहा माझ्याकडे.